मध्यगासंपात सगळ्यांना सारखाच लांब पडत नाही

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. ‘तीन मित्र तीन ठिकाणी राहतात? नकाशावर त्रिकोण काढा, मध्यगा काढा. त्या मिळतात ते त्रिकोणाचे एकमेव केंद्र. केंद्र नेहमी आतच असते आणि तिघांनाही सारखेच लांब पडते.’ खाली चर्चगेट, बोरिवली आणि ठाणे असं उदाहरण. माझ्या क्लासातल्या नववीच्या दोन मुलींनी तो वहीत उतरवून आणला, तेव्हा उत्तर लिहायलाच हवं होतं.

आधी ‘सारखेच लांब’ बघू. मी नकाशावर सरळ रेषेत मोजलं, आकडे ढोबळ आहेत. मध्यगासंपात, म्हणजे तिन्ही मध्यगा मिळतात तो बिंदू, साकीनाका-पवईच्या आसपास येतो. तिथून ठाणे आणि बोरिवली १२-१३ किलोमीटरवर, चर्चगेट मात्र २१. मध्यगा शिरोबिंदूपासून (त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून) समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूला जाते आणि क्षेत्रफळाचे दोन सारखे भाग करते. शिरोबिंदूंपासूनच्या अंतराची हमी ती देत नाही. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून या बिंदूखाली पेन्सिलीचं टोक धरा, तो तोलून राहील. हा वजनाचा मध्य आहे.

सारखं अंतर हवं असेल तर बाजूंचे लंबदुभाजक काढायचे, म्हणजे बाजूच्या मध्यबिंदूतून तिला काटकोनात जाणाऱ्या रेषा. चर्चगेट-बोरिवली बाजूच्या लंबदुभाजकावरचा कुठलाही बिंदू त्या दोघांपासून सारखाच दूर असतो. बोरिवली-ठाणे बाजूचंही तसंच. हे दोन जिथे छेदतात तिथून तिन्ही ठिकाणं सारख्या अंतरावर, म्हणजे चर्चगेट आणि ठाणेही; मग तिसऱ्या लंबदुभाजकाला त्याच बिंदूतून जावंच लागतं. झाली सिद्धता! इतकी वर्षं शिकवतोय, पण फळ्यावर ही लिहिताना अजून तितकाच आनंद होतो. या बिंदूला परिकेंद्र म्हणतात. आपल्या त्रिकोणात ते येतं कालिन्याजवळ, तिन्ही स्टेशनांपासून साधारण साडेसोळा किलोमीटरवर.

‘नेहमी आतच’ हे मध्यगासंपाताबद्दल खरं आहे, कोनदुभाजकांच्या संपातबिंदूबद्दलही. पण ठाण्याऐवजी कुर्ला घ्या. कुर्ल्याचा कोन विशाल होतो आणि परिकेंद्र थेट अरबी समुद्रात जातं, तिघांपासून जवळपास ३५ किलोमीटरवर. चर्चगेट ते बोरिवली हे अंतरसुद्धा त्याहून कमी आहे! विशालकोन त्रिकोणात शिरोलंबसंपातही, म्हणजे शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर काढलेले लंब मिळतात तो बिंदूही, बाहेरच पडतो.

‘एकमेव’ तर अजिबात नाही. गणितज्ञ ऑयलरने १७६५ साली दाखवलं की शिरोलंबसंपात, मध्यगासंपात आणि परिकेंद्र एका रेषेत असतात. गणितज्ञ क्लार्क किंबरलिंग यांच्या त्रिकोण-केंद्रांच्या यादीत आज हजारो केंद्रं आहेत. मित्रांच्या भेटीसाठी तर वेगळाच बिंदू लागू शकतो: तिघांच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी करणारा. हा प्रश्न सतराव्या शतकात गणितज्ञ फर्माने विचारला. त्रिकोणाचा प्रत्येक कोन १२० अंशांहून लहान असेल, तर या बिंदूपासून तिन्ही शिरोबिंदूंकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात. आपल्या त्रिकोणात तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात येतो. तिथे स्टेशन नाही, आणि ठाण्याहून बोरिवलीला थेट लोकलही नाही, दादरला गाडी बदलावी लागते. लोकलने भेटायचं असेल तर सरळ रेषेतली अंतरं पुरत नाहीत.

मेसेजमधला मध्यगांचा उपाय फक्त समभुज त्रिकोणात बरोबर ठरतो, कारण तिथे ही सगळी केंद्रं एकाच बिंदूत येतात. चर्चगेट, बोरिवली, ठाणे या त्रिकोणाच्या बाजू साधारण ३३, ३२ आणि १३ किलोमीटर आहेत, म्हणजे तो समभुज नाही.