गेन तीनवर आणला म्हणजे क्रंच होत नाही

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक नुस्खा हातोहात फिरतो: ‘मॉडेलरमधलं कुठलंही हाय-गेन मॉडेल घ्या, गेन तीनवर आणा. कॅबला व्हिंटेज ३० स्पीकरचं ४×१२ लावा. उरलेलं ईक्यूने होतं. क्रंच म्हणजे शेवटी कमी केलेलं डिस्टॉर्शनच.’ (मॉडेलर म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, डिस्टॉर्शन म्हणजे त्याने फाटलेला आवाज, कॅब म्हणजे स्पीकरची पेटी, ४×१२ म्हणजे तिच्यात बारा इंची चार स्पीकर, ईक्यू म्हणजे आवाजातले पट्टे कमी-जास्त करणं.) नुस्खा सोपा आहे, म्हणून फिरतो. पण त्याने बनवलेला पॅच (साठवलेली आवाजाची मांडणी) एकट्याने वाजवताना बरा वाटतो आणि ड्रम-बेस आले की गायब होतो.

‘क्रंच म्हणजे कमी केलेलं डिस्टॉर्शन’

बाकीच्या चुका इथूनच निघतात. क्रंचची कसोटी अशी घ्या: खुला ई मेजर सहाही तारांवर जोरात मारा. आवाज फाटला पाहिजे, तरी तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. मग पिक हलका करा, किंवा गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. आवाज जवळजवळ क्लीन व्हायला हवा. म्हणजे डिस्टॉर्शन किती आहे यापेक्षा ते हाताबरोबर किती कमी-जास्त होतं, हा खरा प्रश्न आहे. आणि ते ठरतं सर्किटमध्ये आवाज नेमका कुठे फाटतो यावर.

‘कुठलंही हाय-गेन मॉडेल घ्या, गेन तीनवर आणा’

सोल्डानो एसएलओ-१००, पीव्ही ५१५०, मेसा ड्युअल रेक्टिफायर या घराण्यात प्रीअ‍ॅम्पचा (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाचा) एक टप्पा मुद्दाम ‘थंड’ बायस केलेला, म्हणजे ट्यूबमधून फार कमी प्रवाह वाहील असा ठेवलेला असतो. साध्या टप्प्यात कॅथोडला १.५ ते २.७ किलोओहमचा रेझिस्टर असतो. इथे तो ३९ किलोओहमचा आहे. ट्यूब बंद पडायच्या काठावर बसलेली असते, त्यामुळे लहान सिग्नलचीही एक बाजू छाटली जाते. शिवाय पुढच्या टप्प्यांत गिचका होऊ नये म्हणून बेस आधीच कापलेला असतो. गेन भरपूर असताना ही काटछाट पथ्यावर पडते. गेन उतरवला की काटछाट तशीच राहते, भरदारपणा मात्र जातो. बारीक, खरखरीत आवाज येतो तो यामुळे.

मार्शल जेसीएम८०० २२०३ मध्ये हाच थंड टप्पा १० किलोओहमचा आहे, म्हणून तो बराच सौम्य. तिथे अडचण दुसरी. प्रीअ‍ॅम्प व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर) १००० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर बसलेला आहे. पॉट पूर्ण उघडा असला की त्याचा परिणाम शून्य. पॉट जितका खाली, तितकी ट्रेबल त्याला वळसा घालून पुढे जाते. मार्शलच्या जुन्या १९५९ (हा मॉडेल क्रमांक आहे, साल नाही) सुपर लीडच्या ब्राइट चॅनेलला हाच कपॅसिटर सुमारे ५००० पिकोफॅरडचा असतो, पॉट तीनवर ठेवला तर कान किटतात. नॉब तीनवर आणून ‘हे मॉडेल कर्कश आहे’ म्हणणारे बहुतेक वेळा हा कपॅसिटरच ऐकत असतात. मॉडेलमध्ये ब्राइट स्विच असेल तर तो बंद करा. नसेल तर नॉर्मल चॅनेल घ्या किंवा गेन पाच-सहावर नेऊन गिटारचा व्हॉल्यूम उतरवा.

खऱ्या क्रंचसाठी सुरुवात करायची ती मुळातच काठावर वाजणाऱ्या अ‍ॅम्पपासून. हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर १९५९ किंवा जेटीएम४५ घ्या: व्हॉल्यूम ५ ते ६, बेस २ ते ३, मिड ६ ते ७, ट्रेबल ५, प्रेझेन्स ३. बेस इतका कमी कशाला, असं वाटेल. या अ‍ॅम्पचा बराचसा फाटका आवाज टोन कंट्रोलच्या पुढे, फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा टप्पा) आणि पॉवर ट्यूबमध्ये तयार होतो. जास्त बेस तिथे पोचला की खालच्या तारा फसफसतात.

मूळ अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम (पॉवर अ‍ॅम्पकडे किती सिग्नल जातो ते ठरवणारा नॉब) नाही, पण बऱ्याच मॉडेलरमध्ये त्याच्या मॉडेलला मास्टर नॉब जोडलेला असतो आणि तो कमी ठेवलेला असू शकतो. तो पूर्ण उघडा. पॉवर अ‍ॅम्प झोपलेला असेल तर प्लेक्सीचं (१९५९ सारख्या जुन्या मार्शलचं) मॉडेल घेऊन उपयोग काय? आवाज मोठा झाला तर मॉडेलच्या आउटपुट लेव्हलने कमी करा, मास्टरने नाही.

सिंगल कॉइल पिकअपला व्हॉक्स एसी३० टॉप बूस्ट छान बसतो. त्यात एक ध्यानात ठेवा: कट नॉब उलटा चालतो, वर नेला की ट्रेबल कमी होते. आणि बेस-ट्रेबल दोन्ही पूर्ण उघडले की मधला आवाज खचतो. मिडचा नॉबच नसल्याने मिड वाढवायचं तर हे दोन उतरवायचे.

‘कॅब ही नुसती चव, ईक्यूने होतं’

यात तथ्य आहे, ते मान्य करू. आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅब आणि मायक्रोफोनच्या आवाजाची नोंदलेली फाइल) हा गणिताने एक फिल्टरच असतो. पण त्या फिल्टरमध्ये डझनावारी अरुंद उंचवटे आणि खड्डे असतात, पाच पट्ट्यांच्या ईक्यूने ते उभे करता येत नाहीत. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने बसतो आणि डिस्टॉर्शनची माशीसारखी भणभण तिथेच गिळली जाते.

इतिहासातला पुरावाच हवा असेल तर जेटीएम४५ पाहा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात तो बनला, आणि सर्किट जवळपास फेंडर बासमन ५एफ६-ए चंच होतं. पहिली ट्यूब १२एवाय७ ऐवजी जास्त गेनची ईसीसी८३, असे काही बदल झाले. पण मोठा फरक पुढे होता: बासमनमध्ये उघड्या पाठीचं कॅबिनेट आणि दहा इंची चार जेन्सन, मार्शलमध्ये बंद पाठीचं ४×१२ आणि सेलेस्टियन. एकाच सर्किटमधून दोन वेगळ्या जातींचे आवाज निघाले.

‘व्हिंटेज ३० चं ४×१२ सगळ्याला चालतं’

व्हिंटेज ३० दोन-अडीच किलोहर्ट्झच्या आसपास उसळतो. गडद अ‍ॅम्पला ती उसळी तारते. २२०३ किंवा ब्राइट चॅनेलच्या १९५९ वर मात्र क्रंचची धार असते नेमकी तिथेच ती आणखी चढते. अशा अ‍ॅम्पला आधी ग्रीनबॅक जी१२एम लावून पाहा: २५ वॉटचा स्पीकर, मिड भरलेलं, वरची टोकं बोथट. एसी३० ची जोडी सेलेस्टियन ब्लूशी, उघड्या पाठीच्या २×१२ मध्ये.

‘४×१२’ या आकड्याला मात्र फार भुलू नका. शुअर एसएम५७ मायक्रोफोन कॅबच्या कापडाला चिकटवून घेतलेला आयआर बहुतांशी एकाच स्पीकरचा असतो, बाकीचे तीन फार थोडे ऐकू येतात. मोठा फरक पडतो स्पीकरच्या जातीने आणि मायक्रोफोन कुठे आहे त्याने. मधल्या टोपीसमोरून तो दोन-तीन सेंटिमीटर कडेला सरकवा. ईक्यूने तासभर जे जमत नव्हतं ते बहुधा तिथेच मिळतं.

दोन आयआर मिसळणार असाल तर अंतर तपासा. मायक्रोफोनच्या अंतरात १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.२९ मिलिसेकंदाचा उशीर, आणि १.७ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा. क्रंचचा गाभाच पोकळ होतो. जवळच्या मायक्रोफोनच्या आयआरला तेवढा उशीर द्या किंवा एकच आयआर वापरा.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करायला विसरू नका. आयआरच्या फायली वेगवेगळ्या पातळीवर बनवलेल्या असतात आणि जो थोडा मोठा, तोच ‘जास्त जिवंत’ वाटतो. निम्मे वाद इथेच मिटतील.

नुस्ख्यात नसलेल्या, पण घोळ घालणाऱ्या गोष्टी

कॅबसकट घेतलेल्या कॅप्चरवर (खऱ्या अ‍ॅम्पच्या डिजिटल नकलेवर) पुन्हा आयआर लावू नका. मॉडेलर खऱ्या गिटार कॅबमध्ये जात असेल तर आतला आयआर बंद ठेवा. दोन कॅब एकापुढे एक लागले की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची आयआर फाइल ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये रूपांतर न होता चढली, तर स्पीकरचे सगळे उंचवटे जवळपास ९ टक्के वर सरकतात आणि आवाज चिपाड होतो.

हे सगळं बसल्यावर ईक्यू. ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापा (खालची ई तार ८२ हर्ट्झची आहे, तिथला धडधडाट बेस गिटारला देऊन टाका), वरून ७-८ किलोहर्ट्झला. याहून जास्त लागत असेल तर आयआर बदला. शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात बनवलेला पॅच स्टेजवर नेण्याआधी एकदा मोठ्याने ऐका. हळू आवाजात कानाला बेस कमी पोचतो, म्हणून तो नकळत जास्त ठेवला जातो. बेसचा नॉब एक-दोन घरं उतरवावा लागेल. गेनला हात लावू नका.