बी-चारशेदोन, उंची ३४५४ मीटर

परदेशात ओळखीचं माणूस भेटलं की आनंद झालाच पाहिजे असा एक नियम आहे. साधासुधा नाही, "अय्या, तुम्ही इकडे कुठे!" लेव्हलचा. मग तेच माणूस पुण्यात लिफ्टपाशी दिसलं असतं तर आपण जिन्याने गेलो असतो, हा मुद्दाच नसतो तिथे.

स्वित्झर्लंडमधली युंगफ्राउयोखची रेल्वे हा प्रकार मात्र खरंच भारी आहे. १८९६ ते १९१२, सोळा वर्षं खपून त्या लोकांनी आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून बोगदा काढलाय आणि वर ३४५४ मीटरवर युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. आपली कळसूबाई १६४६, म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी पुरत नाहीत. मधे आइसमेअर नावाचं स्टेशन लागतं, बोगद्यातच, तिथे गाडी पाचेक मिनिटं थांबते, कातळात मोठ्या खिडक्या काढल्यात त्यातून हिमनदी बघायची आणि धावत येऊन परत जागा पकडायची. तर त्या काचेला नाक लावून मी उभा, बाहेर बर्फात निळ्या निळ्या भेगा, तोंडातून आपोआप "आईशप्पथ" निघालं आणि शेजारच्या माकडटोपीतून आवाज आला, "तीनशेदोन?"

आमच्या सोसायटीत नावं कुणालाच माहीत नसतात, सगळा कारभार फ्लॅट नंबरवर. हे चारशेदोन. म्हणजे ज्यांच्या बाथरूमखाली आमचं बाथरूम येतं आणि ज्यामुळे आमच्या छतावर ओल पसरत पसरत आता जवळपास आफ्रिका खंडाएवढी आकाराला आली आहे ते. त्यांचं म्हणणं, ओल पावसाची आहे. एप्रिलमध्ये सुद्धा पावसाचीच. "आमचं वॉटरप्रूफिंग झालेलं आहे" हे वाक्य ते अशा आवाजात म्हणतात की पुढे बोलायची सोयच राहत नाही, त्यामुळे आमचं बोलणं बंद होतं, जे काय व्हायचं ते सोसायटीच्या ग्रुपवर, 'सन्माननीय सभासद' वगैरे घालून.

पण नियम म्हणजे नियम. आम्ही हात हातात घेतले. "काय योगायोग हो!" वगैरे झालं. हिने आणि वहिनींनी तर मिठीच मारली, ज्या हळदीकुंकवाला एकमेकींच्या साडीकडे बघून दुसरीकडे बघतात. ते टूरबरोबर आलेले, पण टूर मॅनेजरला सांगून आमच्या समोरच येऊन बसले आणि वर पोचेपर्यंत कॉफी किती फ्रँकला पडली, गुणिले शंभर केलं की किती होतात, याचं समग्र वाचन झालं. बाहेर बोगदाच असल्यामुळे दुसरीकडे बघायचीही सोय नाही.

वर गेल्यावर हवा विरळ, चार पावलं टाकली की धाप. भांडायला छातीत हवा लागते, ती तिथे कुणाकडेच नव्हती. उलट चारशेदोन माझा दंड धरून "हळू, हळू, घाई करायची नाही" करत मला सगळीकडे फिरवत होते आणि वहिनी दर वळणावर भडंगाची पुडी पुढे करत होत्या. शेजारी लोक कोरियन कप नूडल्स खात होते, मला खरं तर ते हवे होते, पण भडंग चांगला होता हे मान्य करायला हवं, शेंगदाणे सढळ.

मग बर्फाचा महाल. हिमनदीच्या आत खोदलेला, भिंती बर्फाच्या, छत बर्फाचं, जमीन बर्फाची. माणसांच्या अंगच्या उबेने वितळू नये म्हणून तिथे मुद्दाम उणे तीन अंश तापमान राखतात. मी बराच वेळ छताकडे बघत राहिलो. शेवटी न राहवून म्हणालो, "बघा हो, अख्खा महाल पाण्याचा, वर एवढ्या लोकांची ये-जा, पण एक थेंब गळत नाही."

चारशेदोनांनीही वर बघितलं. एकदम गंभीरपणे म्हणाले, "मेंटेनन्स घेत असतील हो हे लोक भरपूर."

यावर काय बोलणार!

बाहेर येऊन त्यांनी चौघांचा सेल्फी काढला, मागे बर्फ, पुढे भडंग, आणि मी नाही म्हणायच्या आत तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा, 'तिसरा आणि चौथा मजला युरोपच्या डोक्यावर'. अंगठे आले, फुलं आली, एकशेएकने हात जोडले (ते दुःखद निधनालाही तेच टाकतात). मग सेक्रेटरींचा मेसेज. 'अभिनंदन. दोघेही एकत्र आहात तर लीकेज पाहणीची तारीख आत्ताच ठरवून कळवा. प्लंबर समोर बसला आहे.'

मी चारशेदोनांकडे बघितलं. ते फोन हवेत वर धरून म्हणाले, "छे, रेंजच नाही हो इथे."

आणि दोन मिनिटांत त्याच फोनवरून बंगळुरूला लेकीला व्हिडिओ कॉल. आधी डोंगर दाखवले, मग मला ओढून स्क्रीनमध्ये घेतलं. "ओळख बघू, कोण भेटलंय!"

पोरगी गोड आहे. बघताक्षणी म्हणाली, "अय्या, तीनशेदोन काका! आमचं पाणी गळायचं थांबलं का हो तुमच्याकडे?"