ब्रेक लागत नाही? ड्रायव्हर बदला

कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या फॉर्म्युला (रेसिंग) कारचा ड्रायव्हर पिटमध्ये येऊन म्हणाला, "पेडल खाली जातंय रे," की आधी त्याच्या पायाकडे संशयाने बघा. मग गाडी वीस मिनिटं उभी ठेवून स्वतः पेडल दाबा. दगडासारखं घट्ट लागेल. ठरलं, पोरगं घाबरट आहे! तापल्यावर तेलाची वाफ झाली होती आणि निवल्यावर तिचं पुन्हा तेल झालं, असल्या शंका मनात आणू नयेत.

ब्रेक ऑइल शक्यतो गेल्या वर्षीचंच वापरा. झाकण सैल ठेवलेली अर्धी बाटली अख्खा पावसाळा वर्कशॉपच्या फळीवर उभी असेल, तर सोन्याहून पिवळं. हे तेल हवेतली ओल पितं. डॉट ४ (या तेलाचा एक दर्जा) कोरं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तीच अट १५५ वर येते. कुठेतरी पाणी मुरतंय, हे इथे अक्षरशः खरं असतं. पण नवी बाटली आणायची तर खजिनदाराची सही लागते, आणि तो मॅचला गेलाय.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा कार्यक्रम मात्र जोरात करा. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने निपल (हवा सोडायचा स्क्रू) सोडायचा, तिसऱ्याने रील काढायची. रात्री दोनपर्यंत बुडबुडे संपले नाहीत, तर डावा कॅलिपर (चाकाची डिस्क चिमटीत धरणारा भाग) उजवीकडे बसून निपल खालच्या अंगाला गेलाय का, हे चुकूनही बघू नका. हवा वर जाते हे शाळेत शिकलो होतो. आता आपण इंजिनिअर आहोत.

पेडलला जरा मोकळा खेळ आहे? पुशरॉड (पेडलचा रेटा पुढे देणारी दांडी) आवळा, इतका की मास्टर सिलिंडरचा, म्हणजे तेलावर दाब देणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टन पूर्ण मागे येऊच नये. मग तेलाच्या टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या तेलाला परतीची वाट उरत नाही आणि दोनचार फेऱ्यांत गाडी आपली आपणच थांबायला लागते. ब्रेक लागत नाही ही तक्रार कायमची मिटली. (हा उपाय मला फार आवडतो.)

वळण संपल्यावर पहिलं पेडल लांब, दुसरं बरोबर? चाक धरून हलवलंत तर ब्रेक पॅड मागे ढकलणारा बेअरिंगचा खेळ सापडायचा. म्हणून हलवू नका. त्यापेक्षा मोठ्या पिस्टनचे लाल कॅलिपर मागवा. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवलात तर पेडल आणखी लांब जाईल खरं, पण फोटोत गाडी थांबलेलीच दिसते.

पेडल हद्दीपलीकडे गेलं की गाडी बंद पाडणारा एक स्विच स्पर्धेच्या नियमाने बसवावा लागतो. तो सारखा दाबला जात असेल तर बोटभर पुढे सरकवा. घरात धूर झाला की आपण आधी अलार्मची बॅटरी काढतो, तसंच.

एवढं सगळं मनापासून केलंत की कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर, फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या गाड्यांच्या स्पर्धेत ब्रेक टेस्टला उभे राहा. चारही चाकं लॉक व्हायला हवीत. तुमची तीन होतील, चौथं निवांत फिरत राहील. परीक्षकांनी मान हलवली तर नम्रपणे सांगा, आमच्याकडे पंचाहत्तर टक्क्यांना डिस्टिंक्शन देतात.