पिग्मीवाल्यांना अडाणी ठरवण्याआधी

मालवणकडच्या एका पतसंस्थेने पिग्मी एजंटांचं, म्हणजे रोज घरोघर फिरून छोटी बचत गोळा करणाऱ्यांचं, पावतीपुस्तक बंद करून हातात मोबाईल अ‍ॅप दिलं. एजंटांनी ते वापरायला साफ नकार दिला. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच निकाल: "मालवणी माणसाक नवीन काय्येक नको." निकाल देण्यात मुंबईचे चाकरमानी पुढे. अहो, पिग्मी हीच एकेकाळी नवी पद्धत होती. १९२८ साली उडुपीत दिवसाला दोन आण्यांवर सुरू झाली, आणि आपल्याकडेही रुजलीच ना?

नव्याला नाक मुरडणारी माणसं बघायची तर मी राहतो तिथे, जर्मनीत या. कोरोनातही इथली आरोग्य कार्यालयं आकडे फॅक्सने पाठवत होती! फरक एवढाच की इथे नकार देणाऱ्याला आधी विचारावं लागतं. कामगार मंडळांविषयीच्या १९७२ च्या जर्मन कायद्याचं ८७ वं कलम सांगतं की कामगारांच्या वागण्यावर वा कामावर नजर ठेवणारं यंत्र त्यांनी निवडलेल्या मंडळाच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. हॅम्बुर्गच्या आमच्या गोदामात स्कॅनर आले, तेव्हा मंडळाचा पहिला प्रश्न होता, "कोण किती वेळ थांबला, हे बघणार कोण?" माणसागणिक वेग मोजायचा नाही, असं शेवटी लेखी ठरलं. शिकवणी पगारी वेळेत झाली. यात महिने गेले, साहेब वैतागले, मीही वैतागलो. पण स्कॅनर वापरात आले ते आलेच.

पिग्मी एजंटाला पगार नाही, कमिशन आहे. शिकायला बसला की त्या दिवसाची वसुली बुडाली. वर फोनचं लोकेशन सतत चालू ठेवायचं. वाडीत रेंज नाही, पैसे घेतले तरी नोंद अडकते, आणि आजी विचारते, "पावती खंय रे?"

एजंट सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. गोळा केलेले पैसे दोन दिवस स्वतःकडे फिरवणाऱ्यांना, खातेदाराला लगेच जाणारा मेसेज खुपणारच. म्हणून अ‍ॅप हवंच. पण लोकेशन फक्त पैसे घेतल्याच्या नोंदीपुरतं असावं, आणि शिकण्याच्या दिवसांचं सरासरी कमिशन संस्थेने द्यावं. पावसात रेंज आणि वीज दोन्ही जातात, तेव्हा सुरुवात गणपती आटोपल्यावर. दिवाळीपर्यंत पुस्तकही चालू द्या. त्यासाठी जर्मन कायदा लागत नाही. एजंटांनी निवडलेले दोघे संचालकांच्या बैठकीला बोलवा, त्यात एक बाई हवी. दुपारी घरोघर त्याच फिरतात, रेंज कुठल्या वळणावर जाते ते त्यांनाच ठाऊक.