‘३०० सांगून ११ देतात’ : एक स्टार देणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या फायबर इंटरनेटबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. फोनवर बोललो असतो, पण सावदा-फैजपूर-यावलकडचे बरेच लोक प्लॅन वाढवण्याआधी इथे डोकावतात, म्हणून उत्तर इथेच देतोय. तुमचं नाव, गल्ली लिहीत नाही.

तुमच्या तक्रारी चार. ३०० एमबीपीएसचे पैसे घेतले आणि डाउनलोडला ११ मिळतात. ८९९ सांगून बिल १०६१चं दाखवलं. समोरच्या घरी नवीन कनेक्शनवर राऊटर फुकट दिला, तुम्ही इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक असून तुम्हाला नाही. आणि माणूस चार दिवसांनी आला, मशीन लावून ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणत निघून गेला.

सगळ्यात महत्त्वाचं ते ११. कॉम्प्युटरवर फाइल उतरवताना जो आकडा दिसतो तो मेगाबाइटचा असतो आणि प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे ३००च्या प्लॅनवर तिथे ३००चा आकडा कधीच दिसणार नाही, ३५-३७ दिसतील. तुम्हाला ११ दिसतात, तेव्हा कमी मिळतंय हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही पुढे लिहिलंय की सकाळी बघा, रात्री बघा, ११च्या वर काटा हलत नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या रिव्ह्यूतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. लाइन खराब असती किंवा संध्याकाळच्या गर्दीने स्पीड पडत असता, तर आकडा नाचला असता, कधी ४, कधी २५. ११ला आठाने गुणा, ८८ येतात. डेटाच्या पॅकिंगमध्ये जाणारा वरचा थोडा स्पीड धरला की नव्वदीत. एकाच आकड्यावर असं चिकटून बसलं की समजायचं, वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड आहे. त्यापुढे वर प्लॅन ३००चा टाका की हजारचा, फरक शून्य.

आमच्या पोराने, म्हणजे तुमच्याकडे आलेल्या त्या माणसाने, काय पाहिलं ते सांगतो. खाली पुढच्या खोलीत आमचा ओएनयू आहे, म्हणजे तो लहान पांढरा डबा ज्यात फायबर येते. तिथे फायबरमधून येणाऱ्या लाइटची पॉवर उणे २१ डीबीएम आली (डीबीएम हे ती मोजायचं माप). साधारण उणे २७च्या खाली गेली की आमचा जीव वरखाली होतो. उणे २१ म्हणजे लाइन ठणठणीत. मग त्याने डब्याच्या पोर्टला सरळ लॅपटॉप लावला, २९१ मिळाले. त्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. ‘आमच्याकडून ओके’ हे त्यावरून म्हटलेलं. त्याचं बोलणं जरा तुटक असतं, आम्हालाही तो तसंच उत्तर देतो, पण माप त्याने बरोबर घेतलं.

त्या डब्यापासून वरच्या मजल्यावरच्या तुमच्या राऊटरपर्यंत जी वायर भिंतीतून गेलीय, घोळ तिच्यात आहे. घराचं मागचं काम निघालं तेव्हा ती तुमच्या इलेक्ट्रिशियनने पाइपातून टाकली होती. नेटच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. तुमच्या वरच्या बोर्डाची पट्टी उघडली तर नारिंगी आणि हिरवी जोडी नेटच्या जॅकला, आणि निळी व तपकिरी जोडी गच्चीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला. एका वायरीत दोन कामं उरकली. आपल्याकडे हे सर्रास चालतं, पाइप बारीक असतो आणि दुसरी वायर ओढायचा कंटाळा. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून जुन्या प्लॅनवर इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या वर जायचं तर चारही जोड्या लागतात. तुमचा राऊटर चांगला आहे, त्याचे पोर्टही गिगाबिटचे आहेत. त्याच्यापर्यंत पोचतंय तेच कमी.

प्लॅन वाढवायला येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच निघतं. आमच्या बाजूचा बदल ऑफिसात बसून होतो. सिस्टीममध्ये प्रोफाइल बदललं, डबा एकदा बंद-चालू केला, झालं. तुमचा त्याच संध्याकाळी झाला. मग अडतं ते घरातल्या जुन्या राऊटरच्या पोर्टापाशी किंवा अशा वायरीपाशी. म्हणून इथे वाचणाऱ्यांना सांगतो : वरचा प्लॅन घेण्याआधी राऊटरच्या खोक्यावर पोर्ट १०० लिहिलेत की १०००, तेवढं बघून या.

स्वयंपाकघरात मोबाईलवर तुम्हाला ३५ एमबीपीएस मिळाले, ते वेगळं प्रकरण आहे. तुमच्या घराचा पुढचा भाग जुना, धाब्याचा. दोन-दोन फुटी मातीच्या भिंती. मे महिन्यात आत गारवा देतात, पण वायफाय गिळून टाकतात. मोबाईल मग २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जातो. ते लांब पोचतं, पण दमाने चालतं. राऊटर ज्या खोलीत आहे तिथे नावापुढे ५जी लिहिलेलं वायफाय निवडा. ते मोबाईल कंपनीचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ आहे. रिचार्ज कापला जाईल म्हणून लोक त्याला हात लावत नाहीत.

बिलाचं. ८९९वर १८ टक्के जीएसटी धरून १०६०.८२ होतात, ‘जीएसटी वेगळा’ असं कार्डावर किमतीच्या खालीच छापलंय. पण तुम्ही १०६१ भरलेलेच नाहीत. जुन्या ५९९च्या प्लॅनचे तुमचे १० दिवस उरले होते, त्यांचे जीएसटीसकट २३५ रुपये ६१ पैसे वळते केले आणि तुमच्याकडून ८२५ घेतले. पावती बघा, खालून दुसरी ओळ. महिना मधेच तोडला म्हणून उरलेले दिवस आम्ही कुणाचे बुडवत नाही. दुकानाच्या नावावर जीएसटी नंबर असेल तर तो द्या, बिल त्यावर काढू.

आता राऊटर. इथे तुमचा राग मला समजतो, पण पटत नाही. समोरच्यांनी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरलेत. राऊटर त्यांना वापरायला दिलाय, मालकी आमची, कनेक्शन बंद केलं की परत घेणार. हीच योजना जुन्यांनाही आहे, काउंटरवर तुम्हाला सांगितली होती. तुम्ही म्हणालात, दर महिन्याला भरतो, राऊटर माझा आहे. बरोबरच केलंत, घरात चांगला राऊटर असताना दुसरा कशाला? बाहेरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘नवीन ग्राहकांसाठी’ लिहिलंय ते नवीन माणूस ओढायलाच. मोठ्या कंपन्या दारात उभ्या आहेत, मी ते लपवून काय करू? पण त्याच कंपन्यांचा जुना गिऱ्हाईक प्लॅन वाढवायला गेला की त्याला कॉल सेंटरवर कसं खेळवतात, तेही गावात विचारून बघा.

चार दिवसांचं कारण तुमच्या डोळ्यांसमोरचं आहे. त्याच आठवड्यात वादळ झालं, केळीच्या बागा आडव्या झाल्या, तुमचीही काही खोडं पडली असतील. आमची फायबर बऱ्याच ठिकाणी महावितरणच्या पोलांवरून जाते. तारांवर झाडं पडली, आणि भरीला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर लोंबकळलेली वायर केळीच्या ट्रकने ओढून नेली. २४ कोरची केबल तुटली की एकेक काचेची तार केसासारखी धरून मशीनवर जोडावी लागते, तेही रस्त्याच्या कडेला, उन्हात. ज्यांचं नेट पूर्ण बंद ते आधी, ज्यांचं चालू पण हळू ते नंतर, असा क्रम मीच लावला. पुन्हा तसा आठवडा आला तरी असाच लावीन.

एक गोष्ट प्लॅन घेताना बोललो होतो, इथेही लिहितो. मुलाचं पुण्याच्या कंपनीचं काम घरून आणि दोन टीव्ही, एवढ्याला १०० पुष्कळ आहे. ४के सिनेमा लागला तरी टीव्हीला २५च्या आसपास जातात. वायर आणि राऊटरची जागा नीट झाल्यावर महिनाभर ३०० वापरून बघा. फरक जाणवला नाही तर परत ५९९वर या, खाली उतरायला आम्ही चार्ज घेत नाही.

वायरीच्या त्या घोळावर दोन उपाय आहेत. कॅमेऱ्यासाठी वेगळी वायर टाकून जुनीच्या आठही तारा नेटला द्यायच्या, किंवा आमचा डबाच वर राऊटरशेजारी न्यायचा. मला दुसरा बरा वाटतो. फायबर बाहेरच्या भिंतीवरून सरळ वर जाईल, भिंत फोडायला नको, कॅमेऱ्याला धक्का लागत नाही. जास्तीच्या वायरीचे मीटरप्रमाणे पैसे होतील, जोडणीचे नाहीत. वरच्या खोलीत इन्व्हर्टरचा पॉइंट आहे का तेवढं बघून ठेवा, नाहीतर लाइट गेली की नेटही जाईल.

शनिवारी दुपारी चारनंतर पोरगा मोकळा आहे. तुम्ही शेतातून किती वाजता येता ते ऑफिसात कळवा. शिडी तुमच्याकडे असेल तर काढून ठेवा, आमची सध्या रावेरला अडकलीय.