"पेशंट सहकार्य करत नाही" हा शेरा बंद करा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याच्या डिप्रेशनवर आता थोडंफार तरी बोलल्या जाते, पण पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा आजार असलेल्या माणसाबद्दल गावात एकच निकाल, "स्वभावच तसा आहे बाप्पा". माझ्या नात्यात असं माणूस आहे म्हणून बोलतो. सकाळी जीव लावणार, संध्याकाळी तोंड पाहणार नाही, घरचे थकतात, बाहेरचं लागलं म्हणून कुठं कुठं नेतात, अन कसंबसं मानसोपचाराला आणलं तर दोनदा येऊन गायब. मग फाईलवर शेरा, पेशंट सहकार्य करत नाही.

मला या शेऱ्याचा खरंच राग येते. अहो ज्याचा माणसावर भरोसा बसत नाही, फोन उचलायला उशीर झाला तरी आपल्याला सोडून दिलं असं ज्याला वाटते, तो काउन्सिलरसोबतही तसाच वागणार ना, तोच तर आजार आहे! बॉर्डरलाइन हा पर्सनॅलिटी डिसऑर्डरचाच एक प्रकार, त्यात गोळीचा आधार थोडाच, मुख्य इलाज बोलण्याचा, म्हणजे माणूस टिकला तरच इलाज. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी त्यासाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) हा बोलण्याचा इलाज तयार केला, त्यात जिवाचा धोका पहिल्या नंबरवर अन थेरपी तुटेल असं वागणं दुसऱ्या नंबरवर धरतात, आणि त्यात थेरपिस्टचं वागणंही मोजतात. २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच अशा हालतीत दवाखान्यात भरती होत्या.

आपल्याकडं तालुक्याला ओपीडी ठराविक दिवशी, कंत्राट संपलं की काउन्सिलर गेला, पेशंटला कोणी सांगतही नाही. बायांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे ते चांगलंच, पण कापूस वेचणीत दिवसाची मजुरी बुडते त्याचं काय?

काउन्सिलरांनो, सुट्टीवर जाणार असाल तर पेशंटला आधी सांगा. आला नाही तर फोन करा, रागवायला नाही, विचारायला. पहिल्याच दिवशी बालपण उकरू नका, झोप नाही, नवऱ्याशी भांडण, जो त्रास तो सांगते तिथूनच सुरू करा. जीव द्यायचं बोलली तर "नाटक करते" म्हणू नका, अन घरच्यांनो, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागते, मराठीत बोलतात, अडचणीत जरूर लावा. पण तिथं दरवेळी तोच माणूस भेटेल असं नाही, म्हणून तालुक्याच्या खुर्चीत निदान वर्षभर एकच काउन्सिलर पाहिजे, कारण डीबीटीचा नेहमीचा कोर्सच साधारण वर्षभराचा असते.