'कोलेस्टेरॉल निर्दोष' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'कोलेस्टेरॉलचा हार्ट अटॅकशी संबंध नाही, हे अमेरिकेने २०१५ मध्येच मान्य केलंय. गोळ्या बंद करा, भरपूर तूप खा.' हा मेसेज पुन्हा फिरतोय. अँजिओप्लास्टी झालेली माणसंही असलं वाचून गोळ्या सोडतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

आधी ते २०१५. तिथल्या आहारविषयक समितीने हटवली ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलवरची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. रक्तातलं कोलेस्टेरॉल हा वेगळा विषय. त्यातलं बरंचसं आपलं शरीरच तयार करतं. तूप-लोण्यातली संपृक्त चरबी दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, हे त्याच समितीने सांगितलं होतं. मेसेजमध्ये ते वाक्य नाही.

'अटॅक येणाऱ्या निम्म्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं.' हा आकडा हवेतला नाही. २००९ च्या एका अमेरिकी पाहणीत, हृदयरोगामुळे दाखल झालेल्या सुमारे १ लाख ३७ हजार रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली होतं. पण अटॅक आल्यावर एलडीएल खाली येतं, आणि कित्येक जण आधीपासून गोळ्या घेत होते. शिवाय १०० च्या आत म्हणजे सुरक्षित, असं कुठे आहे? कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे जास्त जोखीम असलेल्यांनी ते ७० च्या आत ठेवायचं, जोखीम फारच जास्त असेल तर ५५ च्या.

आपल्याकडे नेहमी दिसणारा रिपोर्ट घ्या: एकूण कोलेस्टेरॉल २०५, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३५, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २००. एलडीएल निघतं १३०, आणि 'फार नाही' म्हणून कागद कपाटात जातो. पण २०५ मधून ३५ वजा केले की उरतात १७०. धमनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल या आकड्यात येतं. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रिपोर्टवर छापलेलं नसलं तरी ही वजाबाकी घरी करता येते.

'एलडीएल हे कारण नाही, नुसता योगायोग.' याला उत्तर जनुकांनी दिलंय. एलडीएल रक्तातून उचलणारी यंत्रणा आईवडील दोघांकडून सदोष आली, तर लहान वयातच अटॅक येऊ शकतो. त्या मुलांना ना सिगारेटचं व्यसन असतं, ना ऑफिसचा ताण. उलट टोकही आहे. पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासून सुमारे २८ टक्के कमी होतं, त्यांच्यात हृदयरोग ८८ टक्के कमी आढळला. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

राहिला 'गोळ्यांनी अंग दुखतं' हा मुद्दा. काहींना स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या गोळ्यांचा, खरोखर त्रास होतो, तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. पण लंडनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी दिली, तर काही महिने काहीच नाही. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासातला ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. निकाल कळल्यावर निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.